वर्दी आणि शांतता

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते आहे. सैनिकाने पाकिस्तानशी शांततेची भाषा करणं म्हणजे शहिदांचा अपमान, असं तुमच्या बॅचमधल्या काहींचं म्हणणं. मला ते मुळीच पटत नाही. आपल्या अलिबागच्या लेकीला तरी ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास माहीत हवेत.

१९७१ च्या युद्धात ते ‘आयएनएस बियास’ या युद्धनौकेचे कमांडर होते. पूर्व पाकिस्तानातल्या फौजेला समुद्रमार्गे निसटता येऊ नये म्हणून आपल्या नौदलाने बंगालच्या उपसागरात नाकेबंदी केली, तीत बियास होती. त्यांना वीरचक्र मिळालं. पुढे १९९० ते १९९३ ते नौदलप्रमुख होते. वैद्यकीय शाखेबाहेर मुलींना नौदलात अधिकारी म्हणून घ्यायला १९९२ मध्ये सुरुवात झाली, तीही त्यांच्याच काळात. आज तू एळीमलाच्या नौदल अकादमीत आहेस, त्या वाटेचा आरंभ तिथला.

निवृत्तीनंतर ते आपल्या तालुक्यातल्या भायमळ्याला शेती करत राहिले आणि पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरमचं काम करू लागले. दोन्हीकडच्या सामान्य माणसांनी सरकारांची वाट न बघता एकमेकांशी बोलावं, हा त्या फोरमचा आग्रह. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना पाकिस्तानचे मानवी हक्क कार्यकर्ते आय. ए. रहमान यांच्यासोबत मिळाला, याचं मला फार मोल वाटतं. आपल्या पोखरणच्या आणि पाकिस्तानातल्या चगाईच्या अणुस्फोटांनंतर दोन्ही देशांत जल्लोष चालू असताना अण्वस्त्रं नकोत म्हणणाऱ्यांत ते होते. २०१५ मध्ये अल्पसंख्याकांवरचे हल्ले वाढले, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या या माणसाने राष्ट्रपती आणि पंतप्रधानांना खुलं पत्र लिहिलं. आयुष्यभर संविधानाच्या शपथेवर नोकरी केलेल्या माणसाने दुसरं काय करायचं? त्यांनाही देशद्रोही म्हणणारे निघालेच.

शांतता म्हणजे नुसती भाषणं असं वाटत असेल, तर पालघरच्या खलाशांचा विचार कर. गुजरातच्या बोटींवर मजुरीला जातात. कच्छजवळच्या सर क्रीक या खाडीचा दोन्ही देशांतला तंटा अजून मिटलेला नाही, त्यामुळे तिथे समुद्रातली हद्दही ठरलेली नाही. मासळीमागे बोट पुढे गेली की पाकिस्तानची गस्त पकडते, आणि त्यांचे मच्छीमार आपल्याकडे आले की आपण पकडतो. शिक्षा संपली तरी सुटका होत नाही, कारण आधी नागरिकत्वाची खात्री, मग दोन्ही सरकारांचा होकार. तोवर घरी बाईने काय शिजवायचं? बोट तर जप्तच. अशांच्या सुटकेसाठी रामदासांचा हा फोरम वर्षानुवर्षं झटतो आहे. याच्यात कुठल्या शहिदाचा अपमान झाला, ते तुझ्या बॅचमधल्यांनी मला सांगावं.

एक मात्र नीट ध्यानात ठेव. नोकरीत असताना जाहीर राजकीय बोलणं नियमात बसत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. रामदासही निवृत्त झाल्यावरच या चळवळीत उतरले. तू हुकूम पाळ, शिकवतील ते जीव ओतून शिक. पण समोरच्या बोटीत कोण आहे हा विचार करायला कुठलाही नियम मनाई करत नाही.

१५ मार्च २०२४ ला ते गेले, नव्वदाव्या वर्षी. त्यांच्या पत्नी ललिताताईही याच कामातल्या, नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख ॲडमिरल कटारी यांच्या त्या कन्या. म्हणजे नौदल काय असतं, हे त्या घराला कुणी सांगायला नको.

तुझं मत वेगळं असेल तर तसं सविस्तर लिही. मला वाचायला आवडेल.

तुझी,
आई