नाव बदललेल्या बायकांचं मत

नॅशुआ, न्यू हॅम्पशायर
12 मे 2025

प्रिय शुभांगी,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू म्हणालीस, "मतदार नोंदणीला नागरिकत्वाचे कागद मागितले तर बिघडलं काय? आम्ही नाही का कार्ड दाखवत?" तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही.

अगं, आपल्याकडे मतदार कार्ड निवडणूक आयोगच करून देतो, यादीसाठी निवडणूक कर्मचारी (बीएलओ) दारी येतात. इथे अमेरिकेत राष्ट्रीय ओळखपत्रच नाही. जवळजवळ निम्म्या लोकांकडे पासपोर्ट नाही, आणि नवा काढायला 165 डॉलर पडतात. राष्ट्रीय निवडणुकांत मतासाठी कर घेणं या देशाने 1964 साली घटनादुरुस्ती करून बंद केलं होतं! पासपोर्ट नसला की उरतो जन्मदाखला, आणि त्यावर बाईचं माहेरचं नाव.

तुझंच बघ. ताटातल्या तांदळात नाव लिहिलं आणि शालिनीची शुभांगी झालीस. मधलं नाव गेलं, आडनाव गेलं. पुढे राजपत्र, बँक, पॅनकार्ड, किती हेलपाटे घातलेस! इथल्या बायकांचं निदान पहिलं नाव तरी टिकतं. तरीही आमच्या राज्यात त्यांची अडवणूक सुरू झाली आहे. पूर्वी नोंदणीच्या वेळी कागद जवळ नसले तर शपथपत्रावर सही करून भागायचं. खोटी शपथ घेणारा गुन्हेगार ठरायचा. गेल्या नोव्हेंबरातली निवडणूक आटोपली आणि ती सोय गेली. मार्चमध्ये गावोगावी मतदान झालं, तेव्हा आडनाव बदललेल्या काही बायकांना लग्नाचा दाखला आणायला माघारी पाठवलं. याच देशात जन्मलेल्या बायका या!

आता नागरिकत्वाच्या पुराव्याची अट देशभर लावणारं विधेयक, सेव्ह ॲक्ट, गेल्या महिन्यात प्रतिनिधिगृहात 220 विरुद्ध 208 मतांनी मंजूर झालं. वरच्या सभागृहाची, सिनेटची, मंजुरी बाकी आहे. म्हणे परकीय लोक मतदान करतात. पण तो गुन्हा आधीपासूनच आहे, आणि कॅन्सस राज्याने हा प्रयोग करून पाहिलाय. 2013 पासून तिथे नोंदणीला पुरावा लागायचा. 31 हजारांहून जास्त अर्ज अडकले, म्हणजे आठांतला एक. आणि 1999 पासून नोंदणी केलेले किंवा करू पाहणारे परकीय किती सापडले? 39. न्यायालयाने 2018 मध्ये तो कायदा रद्द केला. मला संताप येतो तो याचा, की हे आकडे समोर असूनही तोच कायदा देशाच्या गळ्यात बांधायला निघालेत.

माझ्याकडे पासपोर्ट आहे, माझं अडणार नाही. पण अडेल त्या शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांचं, घर बदलणाऱ्या भाडेकरूंचं, आणि ज्यांचा दाखला दुसऱ्या राज्याच्या दप्तरात पडलाय त्या म्हाताऱ्यांचं. आमच्या दोन्ही सिनेटरांना मी लिहिलंय. राजधानी कॉनकॉर्डला राज्याच्या विधिमंडळात प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी होते, कुणीही नागरिक बोलू शकतो. पुढच्या वेळी मी जाणार आहे. तुझ्या नावाची गोष्ट तिथे सांगितली तर चालेल का? कळव.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
मंदा