२८ ऑगस्टचे कोविड लसीकरण शिबिर : कामगार बांधवांच्या दुसऱ्या डोससाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

मंडळाचे सभासद, देणगीदार, कुंडई-मडकई भागातले कारखानदार आणि विशेष करून ज्यांनी परप्रांतीय कामगारांना खोल्या भाड्याने दिल्या आहेत अशा सर्वांना हे पत्र. घाईत लिहिले आहे, कारण आरोग्य केंद्राकडून तारीख कालच पक्की झाली : शनिवार, २८ ऑगस्ट २०२१, दुपारी ३ पासून, मंडळाच्या सभागृहात.

आधी ऋणनिर्देश. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पहिले काही दिवस गोव्यात किराणा दुकानेसुद्धा उघडली नाहीत, तेव्हा नाट्यस्पर्धेच्या तालमीसाठी साठवलेले पैसे आपल्या नाटकवाल्या मुलांनी न मागता धान्याला दिले. देवस्थान समितीने अग्रशाळेचे (देवळाच्या धर्मशाळेचे) स्वयंपाकघर उघडून दिले आणि वरच्या वाड्यावरच्या काकींनी ते चालवले. त्या चुलीवरचा भात ज्यांनी खाल्ला ते अजून काकींची चौकशी करतात. गिरणीवाल्या भाऊंचे उपकार तर वेगळेच. उकडे तांदूळ ओडिशाच्या मुलांना चालले, पण विजापूर-बागलकोटकडच्या कुटुंबांचे त्यावर भागेना. हे कळल्यावर भाऊंनी ज्वारी मागवून, दळून, पाच-पाच किलोच्या पिशव्या बांधून दिल्या आणि दळणाचा पैसा घेतला नाही. श्रमिक गाड्या सुटू लागल्या तेव्हा आपल्या मास्तरांनी रात्री बसून लोकांचे अर्ज भरले. बाजारातल्या शेठनी पिकअप दिली, डिझेलसकट. ही माणसे आपली आहेत याचा मंडळाला अभिमान आहे.

आता थोडे कडू. जूनच्या सुरुवातीला पहिल्या डोसचे शिबिर झाले, त्यासाठी स्वयंसेवक हवेत असा निरोप गटावर टाकला. अंगठे आणि जोडलेले हात भरपूर आले; टेबलावर बसायला नेहमीचीच चार डोकी. ‘भायल्यांसाठी (बाहेरच्यांसाठी) आमचा वेळ कशाला घालवायचा’ असेही कोणी लिहिले. तेव्हा उत्तर दिले नाही, आताही देत नाही. त्याच लोकांच्या भाड्यावर आपल्यातल्या किती घरांचे हप्ते फिटतात, तेवढे मनात आणावे.

‘अडाणी आहेत, लसीला घाबरतात’ हे आपल्याकडे फार सहज बोलले जाते. घाबरतात हे खरे. मूल होणार नाही, दोन वर्षांत माणूस मरतो, असले व्हिडिओ त्यांच्या फोनवर गावाकडून येतात. (आपल्या वाड्यांवरही ‘चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) बघू’ म्हणणारे थोडे नाहीत.) पण खोल्याखोल्यांतून फिरल्यावर जे ऐकू येते ते बरेच वेगळे. पहिली अडचण हजेरीची. सुई घेतली की त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ताप, अंगदुखी. रोजंदारीवाल्याचा एक दिवस जातो, कधी दोन. दुसरी भीती पथकाची. २०२० च्या जूनमध्ये वास्कोचा मांगोरहिल हा भाग कोविडमुळे बंद झाला, ती बातमी सगळ्या चाळींतून फिरली. तेव्हापासून आरोग्य खात्याची गाडी दिसली की आता इथेही वाट अडवणार म्हणून माणसे मागच्या दाराने निघून जातात. तिसरी गोष्ट आपल्याशी संबंधित आहे. एका खोलीत आठ जण राहतात आणि कागदावर तीनच असतात. यादी झाली की पंचायतीला आणि पोलिसांना आकडा कळेल म्हणून मालकच सांगतात, ‘नाव देऊ नका.’

चौथे कारण डोसच्या अंतराचे. कोविशिल्डचा दुसरा डोस आधी ४ ते ६ आठवड्यांनी होता, मार्चमध्ये ६ ते ८ झाला, १३ मे रोजी १२ ते १६. लस संपली म्हणून पुढे ढकलतात, असा समज झाला. जूनमध्ये परदेशी नोकरीवर जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर घेण्याची मुभा मिळाल्यावर प्रश्न आला : बोटीवर (परदेशी जहाजावर नोकरीला) जाणाऱ्याला २८ दिवस आणि आम्हाला ८४? उत्तर द्यावे, टाळू नये. अंतर वाढवल्याने परिणाम चांगला मिळतो असे आढळले म्हणून ते वाढवले. बोटीवाल्यांना सवलत आहे ती जाण्याची तारीख ठरलेली असते म्हणून.

सगळ्यात मोठा घोळ मोबाइल नंबरचा. को-विनवर (लसनोंदणीच्या सरकारी पोर्टलवर) एका नंबरावर चार जणांची नोंद होते. पहिल्या डोसला अनेकांनी मुकादमाचा नंबर दिला. आता मुकादम बदलला, ओटीपी जुन्याकडे जातो. मग टेबलावरचा माणूस घाईत दुसरे ओळखपत्र आणि नवा नंबर घालून नव्याने नोंदणी करतो, आणि दुसरी सुई घेऊनही प्रमाणपत्रावर पुन्हा ‘पहिला डोस’ येतो. यासाठी शिबिराआधी खोल्यांवर जाऊन प्रत्येकाचा पहिल्या डोसचा नंबर, तेव्हा दाखवलेले ओळखपत्र, लसीचे नाव आणि तारीख वहीत उतरवायची आहे. मुकादमांना त्या दुपारी फोन चालू ठेवायला सांगायचे आहे. प्रमाणपत्रावरचे नाव, जन्मवर्ष किंवा लिंग पोर्टलवर एकदाच दुरुस्त करता येते, म्हणून आधारवर आहे तसेच नाव लिहावे. ओळखपत्रच नाही अशांसाठी केंद्र सरकारची ६ मे ची वेगळी कार्यपद्धती आहे, पण ती नावे आधी कळवावी लागतात. आयत्या वेळी आणून उभे केले तर काही होत नाही.

कोविशिल्डची एक कुपी दहा जणांची, उघडल्यावर चार तासांत संपवायची. सहाच जण उरले तर सिस्टर कुपी उघडायला कचरतात, आणि परत गेलेला माणूस पुन्हा येत नाही. त्यामुळे दहा-दहाच्या तुकड्या करूनच आणायचे. ५ जूनपर्यंत पहिला डोस घेतलेल्यांचे २८ तारखेला ८४ दिवस भरतात. त्यानंतरच्यांना आणू नये, पोर्टल नोंद घेत नाही. कोव्हॅक्सिनवाल्यांना वेगळे कळवू. पहिला डोस राहिलेलेही चालतील. गरोदर बायकांना २ जुलैपासून परवानगी आहे, अंगावर पाजणाऱ्यांना मेपासून. पाळी चालू असली तरी हरकत नाही. कोविड होऊन गेला असेल तर बरे झाल्यावर तीन महिने थांबायचे. सुईनंतर अर्धा तास बसवून ठेवायचे.

शनिवारची दुपार मुद्दाम मागून घेतली आहे, म्हणजे ताप रविवारी निघून जाईल. तरी चूल पेटावी म्हणून प्रत्येकाला एक पिशवी द्यायची आहे : ५ किलो उकडे तांदूळ किंवा ज्वारीचे पीठ, १ किलो डाळ, पॅरासिटामॉल ५०० च्या १० गोळ्या (दोन गोळ्यांमध्ये किमान ६ तासांचे अंतर, दारू वर्ज्य), ओआरएसची २ पाकिटे. एका पिशवीला ₹३६०, पिशव्या २४०, एकूण ₹८६,४००. जमले ₹३१,०००. एक पिशवी दिली तरी चालेल. कारखानदारांनी सोमवारची हजेरी कापू नये, ही देणगी पिशवीपेक्षा मोठी.

खोल्यांच्या मालकांना हात जोडून सांगणे : वही मंडळाकडेच राहील, त्यात घर क्रमांक लिहिणार नाही. भाडेकरूंना अडवू नका. जमल्यास स्वतः त्यांच्याबरोबर येऊन आपली राहिलेली सुई घ्या. मालकाला रांगेत बघून जेवढे लोक येतात तेवढे भोंग्याने येत नाहीत. भोंगा या वेळी लावणारच नाही.

स्वयंसेवक : कन्नड, लमाणी, उडिया किंवा हिंदी बोलणारे १२, नोंदणीला स्वतःचा लॅपटॉप आणणारे ४, पिकअप २ (शेठची एक धरून). खोल्यांवर फिरणे २१ ते २४ ऑगस्ट, संध्याकाळी ७ नंतर, कारण त्याआधी खोलीवर कोणी नसते. देणगी मंगळवार, २४ तारखेपर्यंत कार्यालयात, ५ ते ८. क्यूआर दारावर लावला आहे, पैसे पाठवल्यावर नाव कळवावे, पावती मिळेल. धान्य थेट गिरणीवर द्यावे, भाऊंना सांगून ठेवले आहे. प्लास्टिकच्या ६० खुर्च्या कमी पडतात, ज्यांच्याकडे असतील त्यांनी शुक्रवारी रात्री आणून ठेवाव्यात, मागे नाव लिहून. पाऊस असल्यास ताडपत्रीही हवी.

कळावे,
सचिव, मंडळाच्या वतीने