आधी हक्क, मग प्रकल्प: मुख्यमंत्र्यांना गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून खुले पत्र

माननीय मुख्यमंत्री महोदय,

स.न.वि.वि.

जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना त्यांनी कसलेल्या जमिनीवर हक्क देणारा वनहक्क कायदा 2006 साली झाला. आमच्या वाड्यावरच्या बऱ्याच घरांकडे अजून त्यांनी कसलेल्या जमिनीचा कागद नाही. दावे भरून झाले, ग्रामसभेने मंजूरही केले, पण पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. सरकारच्या प्रत्येक भाषणात विकासाचं नाव असतं, म्हणून हे विकासाच्याच नावाने लिहितो.

4 डिसेंबर 1986 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विकासाच्या हक्काचा जाहीरनामा स्वीकारला. बाजूने 146 मतं पडली, त्यांत भारताचंही होतं. विरोधात एकच, अमेरिकेचं. विकास हा मानवी हक्क आहे, त्याच्या केंद्रस्थानी माणूस आहे, आणि त्या माणसाला विकासात भाग घेण्याचा तसाच त्याचं फळ भोगण्याचा अधिकार आहे, असं त्यात लिहिलं आहे. भाग घेण्याचा अधिकार आधी येतो, फळ मागून. आपल्याकडे नेमका तोच वगळला जातो.

त्याच वर्षी सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. धरणाने दक्षिण गोव्याची तहान भागवली, ते मी नाकारत नाही. पण तिथली माणसं वाडे आणि वाळकिणीला गेली, आणि आजही मे महिन्यात पाणी ओसरलं की आपल्या देवळाकडे, आपल्या जोत्यांकडे परत येतात. ज्यांनी गाव दिलं त्यांच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न धरण बांधून संपलेला नाही.

आमच्या तालुक्यात शेळ-मेळावलीला जानेवारी 2021 मध्ये आयआयटीवरून काय झालं ते आपण जाणताच. लोकांनी मोजणी अडवली, अश्रुधूर सुटला आणि शेवटी प्रकल्प तिथून हलवावा लागला. ते लोक शिक्षणाच्या विरोधात नव्हते. आमचीही मुलं शिकतात. सरकारी कागदावर जी जमीन सरकारची होती, तीच पिढ्यान् पिढ्या त्यांच्या काजूची आणि गुरांच्या चरण्याची होती. हक्क आधी ठरवले असते तर बोलणी तरी झाली असती.

आता कागदाबद्दल. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीवर, नाव नसलं की बँक दारात उभं करत नाही, आणि गव्यांनी केळी तुडवली तर नुकसानभरपाईसाठी कोणत्या नावाने अर्ज करायचा हेच कळत नाही. आमच्या शेजारच्या आजोबांच्या जागेची पाहणी झाली तेव्हा त्यांनी वडिलांनी लावलेले काजू दाखवले, दगडी बांध दाखवला, उन्हाळ्यात न आटणारी विहीर दाखवली. पाहणीला आलेल्यांनी विचारलं, उपग्रहाच्या चित्रात हे दिसतं का? खरं तर कायद्याच्या नियमांत बांध, विहिरी आणि वडीलधाऱ्यांचा जबाब हे सगळे पुरावे धरले आहेत. उपग्रहाचं चित्र जोडीला चालतं, त्यांच्या जागी नाही, हेही त्यातच आहे.

धनगरांची गत तर याहून वाईट. ते गोव्यात अनुसूचित जमातींत नाहीत, म्हणून 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या 75 वर्षांचं वास्तव्य सिद्ध करा, असं त्यांना सांगितलं जातं. म्हणजे 1930 सालचा, पोर्तुगीज राजवटीतला पुरावा. गुरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या माणसाने तो कुठून आणायचा? अशा ठिकाणी जबाबाला वजन द्यायलाच हवं.

म्हादई अभयारण्यातल्या व्याघ्र प्रकल्पाचं प्रकरण आहेच. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाने प्रकल्प अधिसूचित करायला सांगताना वनवासीयांचे हक्क बारा महिन्यांत ठरवायलाही सांगितलं होतं. गावागावांत चर्चा झाली ती वाघाची आणि स्थलांतराची. हक्कांचा भाग मागेच राहिला. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही, असं वनहक्क कायदा स्पष्ट सांगतो. हे एवढं वाक्य सरकारी माणसाने ग्रामसभेत येऊन मोठ्याने वाचलं असतं तरी कितीतरी घरांची झोप वाचली असती. वाघ आमच्या देवराईत पुजला जातो. त्याचं भय दाखवून आम्हाला गप्प करू नये.

मागणं फार नाही. ज्या गावात दावे प्रलंबित आहेत तिथे कोणत्याही प्रकल्पासाठी मोजणी लावू नका. दावा फेटाळला तर कारण लेखी, मराठीत किंवा कोंकणीत, दावेदाराच्या हातात द्या, म्हणजे साठ दिवसांत दाद तरी मागता येईल. ग्रामसभेच्या ठरावाला उत्तर द्या. नकार असला तरी द्या.

आणि ज्या दावेदारांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे त्यांचे दावे सर्वांत आधी हातात घ्या. ज्यांचा जबाब कायदा पुरावा मानतो, ती माणसं जबाब नोंदवून घेण्याआधीच जात आहेत.

आपला नम्र,
सत्तरीतील एक काजू बागायतदार