लिफ्ट आहे, पण चालवणार कोण?

मा. संपादक,

घोडबंदर रोडला, तिकडे खारघर-पनवेलला वृद्धांसाठीची केअर सेंटर्स भराभर उघडतायत आणि जाहिरातीत हमखास असतं 'पेशंट लिफ्टची सोय' (इमारतीची लिफ्ट नव्हे, पेशंटला झोळीत घालून पलंगावरून खुर्चीत उचलून ठेवायचं चाकांचं मशीन). माझी आत्या अशाच एका ठिकाणी आहे, पॅरालिसिसने उजवी बाजू गेलीय. लिफ्ट आम्ही बघितली, पॅसेजमध्ये उभी, हुकाला टॉवेल वाळत घातलेला! आणि आत्याला दोन मावशी काखेत हात घालून "चला आजी, एक दोन तीन" करत खुर्चीत बसवत होत्या. गेलेल्या बाजूचा खांदा आधीच सैल असतो, काखेतून ओढलं की सांधा निसटायची भीती, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

मावशींना दोष देऊन काय उपयोग, बारा तासांची ड्युटी आणि ट्रेनिंगच्या नावाने बोंब. अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेने हाताने पेशंट उचलायची मर्यादा 35 पौंड, म्हणजे जेमतेम 16 किलो धरलीय, तीही सगळं अनुकूल असताना. इथे साठ किलोची आजी रोज उचलतात, कंबर जाणारच ना.

बरं लिफ्ट वापरायची तरी दोन माणसं लागतात, एक मशीनवर, एक पेशंटजवळ. झोळी, म्हणजे स्लिंग, त्याच लिफ्टला चालणारी आणि त्या माणसाच्या मापाची हवी, मोठी झाली तर माणूस खालून घसरतो. शिलाई उसवलेली, पट्टा झिजलेला दिसला की ती सरळ बाद करायची. उचलताना लिफ्टचे खालचे पाय फाकवलेले हवेत नाहीतर ती कलंडू शकते. व्हीलचेअरचे ब्रेक लावायचेच, पण लिफ्टचे ब्रेक बऱ्याच मॉडेल्समध्ये उचलताना मोकळे ठेवायला सांगतात, म्हणून त्या मॉडेलचं मॅन्युअल वाचणं आलं, आणि ते बहुतेक कपाटात असतं, इंग्रजीत. (घरी लिफ्ट आणणाऱ्यांनी आधी पलंग बघा, बॉक्स बेडखाली तिचे पाय जातच नाहीत.)

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी नर्सिंग कॉलेजांना सोबत घेऊन या मावशी-मामांसाठी मराठी-हिंदीतून प्रात्यक्षिकं ठेवावीत, आणि सेंटरवाल्यांनी त्या दिवसाचा पगार कापू नये. नातेवाईकांनीही डिपॉझिट भरायच्या आधी लिफ्ट नुसती बघू नये, रात्रपाळीच्या स्टाफला ती चालवायला लावावी, कारण रात्री तिथे बऱ्याचदा एकच मावशी असते.

– एक वाचक, ठाणे (प.)