उद्धरणांच्या मोजपट्टीत शाळा कुठे?

प्राध्यापकांच्या संशोधनाचा दर्जा उद्धरणांच्या संख्येवरून, म्हणजे इतर अभ्यासकांनी आपल्या लेखनात त्याचा किती वेळा संदर्भ दिला यावरून ठरवावा, असे सुचवणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. शैक्षणिक प्रशासनाच्या बाबतीत ही सूचना मला मुळीच पटत नाही. या विषयातले ज्ञान शाळेत उतरते ते वेगळ्याच वाटेने. कर्नाटकातील ‘नली-कली’ या कृतीतून आनंदाने शिकवण्याच्या पद्धतीचेच पाहा. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्याचे शिक्षक आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या शाळा पाहून आले, त्यांनी एकत्र बसणाऱ्या वेगवेगळ्या इयत्तांच्या मुलांसाठी शिकण्याची कार्डे तयार केली आणि पुढे ही पद्धत राज्यभर पोहोचली. शिक्षकांनीच शिक्षकांना दाखवलेले हे काम उद्धरणांच्या मोजणीत कुठे धरणार?

उलट, खानापूर तालुक्यात एकाच गुरुजींकडे तीन-चार वर्ग असलेल्या मराठी शाळांवर कुणी एम.एड.चा लघुप्रबंध लिहिला, तर तो बहुधा महाविद्यालयाच्या कपाटातच पडून राहतो. (पीएच.डी.चे प्रबंध निदान ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहात सापडतात.) पुढचा अभ्यासक मग स्कोपससारख्या संशोधन-लेखांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत जे हाती लागेल, म्हणजे मुख्यतः परदेशी शाळांवरचे इंग्रजी लेख, तेच उद्धृत करतो आणि त्यांचीच संख्या फुगत जाते. ज्याचे नाव आधीच झाले त्यालाच आणखी श्रेय मिळते, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्येच मांडले होते.

विद्यापीठांनी आधी हे लघुप्रबंध मराठी-कन्नड गोषवाऱ्यासह ऑनलाइन खुले करावेत, गटशिक्षणाधिकारी कार्यालयांना त्यांची यादी पाठवावी. मोजणी करायचीच असेल, तर त्यानंतर करावी.

– एक निवृत्त मुख्याध्यापक, खानापूर (जि. बेळगाव)