जनरलसाहेबांची पत्रं: उरलेला निम्मा भाग शोधायला आपली मदत हवी

सप्रेम नमस्कार,

यंदा आपल्या वाचनालयाकडे एक पत्र्याची ट्रंक आली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या फुटबॉल संघाचे जुने गोलकीपर, पुढे जिल्ह्यात हायस्कूल मास्तर झालेले आपले एक सभासद वारले आणि घरच्यांनी त्यांना आलेली पत्रं आपल्या हवाली केली. लिहिणारे त्याच संघातले सेंटर हाफ. ते लष्करातून मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले. दोन्ही घरांची संमती आहे, पण नावं इतक्यात जाहीर करू नयेत असं त्यांनी सांगितलं आहे. जुन्या पेठकरांना ओळख पटेलच. तरी ग्रुपवर टाकू नये, ही विनंती.

पत्रांत लढाई कमी आणि मैदान जास्त आहे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०–१ असं धुतलं, त्यानंतर बूट सक्तीचे झाले. त्याआधीच्या अनवाणी मॅचेस, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या, बुटात चेंडूच कळेना म्हणून झालेली चिडचिड, खंडोबा तालीम आणि पाटाकडील तालीम यांच्या फुटबॉल संघांत कोण कुठून खेळला याचे वाद, सगळं त्यात आहे. पेन्शनीत निघालेला जनरल एका ऑफसाइडपायी चार पानं भरतो! आणि त्याच पानावर मध्येच पलटण येते. कंपनीच्या टीममधला लेफ्ट आउट (डाव्या कडेने खेळणारा) १९७१ च्या युद्धातून परत आला नाही, त्याच्या गावी जायचं राहून गेलं, एवढंच लिहून साहेब पुन्हा मॅचकडे वळतात. आपल्या वडगावचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांच्या ब्रह्मदेशातल्या आणि कोरियातल्या कामगिरीवर लिहिलं गेलं आहे. कंपनीच्या लेफ्ट आउटबद्दल कोण लिहिणार?

अडचण अशी की ट्रंकेत एकाच बाजूची पत्रं आहेत. मास्तरांची उत्तरं साहेबांच्या बदल्यांमध्ये गहाळ झाली. त्यामुळे अर्धे संदर्भ लागत नाहीत. "तू म्हणतोस ते खरं नाही" असं साहेब लिहितात. मास्तर काय म्हणाले होते?

म्हणून आधी हे मागतो. १९५० ते ५५ च्या सुमारास कॉलेजच्या किंवा तालमीच्या संघात खेळलेल्या कोणाच्या घरी पत्रं, संघाचे फोटो, मॅचची हँडबिलं असतील तर दाखवायला आणा. स्कॅन करून मूळ कागद त्याच दिवशी परत देऊ. फोटोमागे नावं लिहिलेली असतील तर फारच उत्तम. माजी सैनिकांनीही एखादी संध्याकाळ द्यावी. नोकरीतल्या पत्रांवर गावाचं नाव नाही, नुसतं "मार्फत ५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" (एपीओ म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय). ९९ म्हणजे पूर्वेकडे, इतकंच आम्हाला कळतं. पुढचं पलटणीतला माणूसच सांगू शकेल. शिवाय काही पत्रांच्या समासात दोघांनी संघातल्या मंडळींची थट्टा मोडी लिपीत करून ठेवली आहे, ती वाचणारं कोणी हवं.

आता पैशांचं. ट्रंक पावसाळ्यात माळ्यावर होती. आंतरदेशीय पत्रांच्या घड्या फाटल्या आहेत, काहींना कसर लागली आहे, आणि कोणीतरी प्रेमाने सेलोटेप लावली आहे, तिचा डाग आता निघत नाही. (घरच्या कागदांना टेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच.) आम्लमुक्त कागदाची पाकिटं आणि खोकी, जाणकाराकडून डागडुजी आणि एक साधा स्कॅनर यासाठी अंदाजे ८५,००० रुपये लागतील. शंभर रुपयेही चालतील.

देणगी कार्यालयातच द्यावी, संध्याकाळी ५ ते ८, सोमवारी बंद. पावती मिळेल. ऑनलाइन देणाऱ्यांसाठी क्यूआर कोड कार्यालयातल्या फलकावर लावला आहे. कोणाच्याही वैयक्तिक नंबरवर पैसे पाठवू नका. हिशोब वार्षिक सभेत मांडला जाईल. पावसाआधी निदान पाकिटं तरी यायला हवीत, म्हणून जे जमेल ते मे अखेरपर्यंत करावं.

कळावे,
ग्रंथपाल व कार्यकारी मंडळ