मे महिन्याआधी निर्णय नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महापालिकेचे मतदान करून आत्ताच घरी आलो आणि लगेच हे पत्र लिहायला बसलो आहे. विषय मात्र फुटबॉलचा आहे. मंगळवारी मँचेस्टर युनायटेडने मायकेल कॅरिक यांना मोसम संपेपर्यंत हंगामी प्रशिक्षक नेमले, तेव्हापासून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांत सरळ दोन तट पडले आहेत. काल संक्रांतीला ते आमच्या इंदिरानगरच्या गच्चीवर समोरासमोर आले. दोघे सख्खे भाऊ. थोरल्याच्या अंगात पाठीवर २० आकडा असलेली ओले गुन्नार सोल्सशारची जर्सी, धाकट्याच्या अंगात कॅरिकची १६ नंबरची. थोरला पतंग उडवतोय, धाकट्याच्या हातात मांजाची आसारी, आणि शेजारच्या गच्चीवरून ‘गई बोला रे धिना’ची आरोळी उठली तेव्हा कुठे दोघांना कळले की आपला पतंग कटला.

थोरल्याचे म्हणणे, हंगामी माणूस आणायचाच होता तर ओलेलाच आणायचे. १९९९ ला बार्सिलोनात भरपाई वेळेत गोल करून चॅम्पियन्स लीग जिंकून देणारा माणूस. डिसेंबर २०१८ मध्ये तेव्हाचे प्रशिक्षक मोरिन्होंना काढल्यावर आला आणि पहिले आठच्या आठ सामने जिंकला. धाकटा म्हणतो, कॅरिकने २०२१ मध्ये तीन सामने सांभाळले, त्यात व्हिलारेयाल आणि आर्सेनलला हरवले, चेल्सीशी बरोबरी केली. पुढे मिडल्सब्रोला गेला तेव्हा तो संघ चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, २१ वा होता, तो त्याच मोसमात चौथा आणला. ‘मग त्याच मिडल्सब्रोने गेल्या जूनमध्ये त्याला का काढला?’ हे थोरल्याचे उत्तर. शेवटी दोघेही माझ्याकडे वळले. ‘सर, तुम्ही सांगा.’

मी जे सांगितले ते दोघांच्याही पचनी पडले नाही, म्हणून तेच इथे सविस्तर मांडतो. माझा कल कॅरिककडे नाही, ओलेकडेही नाही. ज्याला मेपर्यंत नेमले आहे त्याला मेपर्यंत काम करू द्या. २४ मे रोजी प्रीमियर लीगचा शेवटचा सामना होईल, मग क्लबने शांतपणे बसून ठरवावे. तोवर दोन विजय मिळाले म्हणून ‘कायम करा’ची घोषणा नको आणि दोन पराभव झाले म्हणून ‘हाकला’चीही नको.

हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. ६ मार्च २०१९ ची ती रात्र मला अजून जशीच्या तशी आठवते. युनायटेड घरच्या मैदानावर पॅरिस सेंट जर्मेनकडून ०-२ हरलेले, परतीचा सामना पॅरिसला, आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजत आलेले. आमच्या हॉलमध्ये टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून आठ जण बसलो होतो, कारण आतल्या खोलीत माझी आई झोपली होती. भरपाई वेळेत पेनल्टी मिळाली, रॅशफर्डने ती मारली, ३-१ झाले, दोन्ही सामने मिळून ३-३, पण परक्या मैदानावरच्या जास्त गोलांमुळे युनायटेड पुढे गेले, आणि आठही जण तोंडावर उशा दाबून उड्या मारत होते. त्याच रात्री तिकडे टीव्हीवर युनायटेडचा एक माजी खेळाडू म्हणाला, करारपत्र टेबलावर ठेवा आणि ओलेला हवा तो आकडा लिहू द्या. आम्हीही इकडे तेच म्हणत होतो. मी सगळ्यांत पुढे होतो.

तीन आठवड्यांनी, २८ मार्चला, क्लबने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. तोवरच्या १९ सामन्यांत १४ विजय. पण पॅरिसनंतरचे लागोपाठ दोन सामने तो हरला होता, याकडे कोणी पाहिले नाही. करारानंतरच्या १० सामन्यांत फक्त दोन विजय. एव्हर्टनकडून ०-४. आधीच खालच्या श्रेणीत ढकलल्या गेलेल्या हडर्सफील्डशी बरोबरी. शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर कार्डिफकडून हार, आणि संघ सहावा. ओले वाईट प्रशिक्षक होता असे मी मुळीच म्हणणार नाही, पुढच्या दोन मोसमांत त्याने संघ तिसरा आणि दुसरा आणला. पण मे महिन्यापर्यंत थांबले असते तर क्लबचे काय बिघडले असते? ज्याला घ्यायचे त्याला डोळे उघडे ठेवून घेतले असते, आणि ओलेलाही ती नेमणूक पॅरिसच्या एका रात्रीच्या जोरावर नव्हे, पाच महिन्यांच्या कामावर मिळाली असती.

नवा माणूस आला की सुरुवातीला संघ उसळतोच. मी तीस वर्षे शाळेची मुले खेळवली आहेत, त्यामुळे यामागे काय असते ते माहीत आहे. आधीच्या सरांनी बाकावर बसवलेला पोरगा जीव तोडून पळतो. ज्याची जागा पक्की होती तो धास्तावतो आणि तोही पळतो. नव्या सरांकडे वेळ नसतो, म्हणून ते डावपेच सोपे ठेवतात, आणि सोपे सांगितले की मुलांच्या पायातला गोंधळ जातो. शिवाय सतत मार खाणारा संघ कधीतरी सावरणारच असतो, त्याचे श्रेय जो नुकताच आलेला असतो त्याच्या पदरात पडते. ओलेच्या पहिल्या चार विजयांत समोर कार्डिफ, हडर्सफील्ड, बोर्नमथ आणि न्यूकॅसल होते. वेम्बलीवर टॉटनहॅमला १-० हरवले तेव्हा गोलरक्षक डे हेआने ११ फटके अडवले होते. ते ११ हात प्रशिक्षकाचे नव्हते.

चेल्सीचे तर सगळ्यांना पाठ आहे. मार्च २०१२ मध्ये रॉबेर्तो दि मात्तेओ हंगामी म्हणून आले, एफए कप जिंकला, १९ मे रोजी म्युनिकमध्ये बायर्नला पेनल्टींवर हरवून क्लबचा पहिला चॅम्पियन्स लीग चषक आणला. जूनमध्ये कायम झाले, नोव्हेंबरमध्ये घरी गेले. त्यांच्या जागी राफा बेनिटेझ यांना ‘हंगामी’ अशी पाटी लावूनच आणले. ते पूर्वी प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचे प्रशिक्षक होते, म्हणून समर्थकांनी पहिल्या दिवसापासून त्यांच्याविरुद्ध फलक धरले. फेब्रुवारी २०१३ मध्ये बेनिटेझ जाहीरपणे बोलले की मला ‘हंगामी’ ही उपाधी देणे हीच चूक होती. आणि मे महिन्यात याच माणसाने चेल्सीला युरोपा लीग जिंकून दिली.

बेनिटेझ यांचे ते बोलणे मला फार आतून समजते. मी क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झालो, पण त्याआधी एका शाळेत १४ महिने प्रभारी मुख्याध्यापक होतो. संस्थेने सांगितले होते, ‘दोन महिने बघा.’ शिक्का जुन्याच मुख्याध्यापकांच्या पदाचा होता. प्रत्येक दाखल्यावर तो उमटवायचा आणि त्याच्या आधी निळ्या पेनाने ‘प्र.’ लिहायचे. अशी किती ‘प्र.’ लिहिली असतील याची गणती नाही. वेळापत्रक बदलायला काढले की सहकारी म्हणायचे, नवे सर येऊ देत मग बघू. मैदानावरच्या गोलपोस्टच्या जाळ्या फाटल्या होत्या, त्यांच्या खरेदीचा कागद संस्थेने कायम मुख्याध्यापक येईपर्यंत बाजूला ठेवला. त्या वर्षी मुले जाळीशिवायच खेळली आणि प्रत्येक गोलनंतर चेंडू आणायला कुंपणापर्यंत धावली. मला पद नको होते. मला तारीख हवी होती. ‘एप्रिलपर्यंत तुम्ही, एप्रिलमध्ये आपण बसू,’ एवढे कोणी म्हटले असते तर मी त्या जाळ्या पदरच्या पैशांनी आणल्या असत्या.

तात्पुरती सोय किती लांबू शकते हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. मार्च २०२२ पासून महापालिकेत प्रशासकच होते, आज कुठे मतदान झाले.

आता आपल्या फुटबॉलकडे येतो, कारण मला खरी कळकळ तिथली आहे. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) भारतीय प्रशिक्षकाला बहुधा संधी मिळते ती परदेशी प्रशिक्षकाला काढल्यावर, मोसमाच्या मधोमध. गोव्याचे क्लिफर्ड मिरांडा पाहा. २०२० मध्ये सर्जिओ लोबेरा यांना एफसी गोवाने काढले, मिरांडांनी शेवटच्या टप्प्यात संघ सांभाळला, जमशेदपूरला ५-० हरवून साखळीतले पहिले स्थान पक्के केले आणि आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. पुढच्या मोसमाला परदेशी प्रशिक्षक आला. २०२३ मध्ये ओडिशा एफसीकडे पुन्हा हंगामी म्हणून गेले, बेंगळुरूला हरवून सुपर कप जिंकला. त्यानंतर ओडिशाने नेमले ते लोबेरांनाच. दोन वेळा निकाल देऊनही ज्याचे ‘प्र.’ पुसले गेले नाही, त्या माणसाला काय वाटले असेल?

दुसरीकडे खालिद जमील. २०२१ च्या सुरुवातीला नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना हंगामी नेमले, संघ सलग १० सामने अपराजित राहिला, बाद फेरीत गेला. मग ते कायम झाले, आयएसएलमधले पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक. पुढच्या मोसमात नॉर्थईस्ट दहावे आले. तेव्हा आमच्याकडचेच लोक म्हणत होते की भारतीय प्रशिक्षकाला पेलत नाही. तेच जमील आज भारतीय संघाचे प्रशिक्षक आहेत. एका चांगल्या फेरीवरून डोक्यावर घेणे आणि एका वाईट मोसमावरून उतरवणे, या दोन्हींत घाई एकच आहे. मिरांडांच्या बाबतीत मोसम संपल्यावर खुल्या मनाने कोणी त्यांच्यासमोर बसले असेल का, हा प्रश्न मला सतावतो. मेपर्यंत थांबा म्हणतो तेव्हा मेमध्ये खरोखर बसा, हेही त्यातच आले. मुदत संपली की आभाराचे पत्र देऊन दार दाखवायचे, याला निर्णय म्हणत नाहीत.

म्हणून आपल्या क्रीडा पानालाही विनंती आहे. कॅरिकच्या प्रत्येक सामन्यानंतर ‘कायम होणार का?’ असा मथळा देऊ नका. त्याने बाकावरच्या कोणाला खेळवले, मधली फळी कशी लावली, अकादमीच्या किती पोरांना उतरवले, हे लिहा. कॅरिक स्वतः युनायटेडकडून ४६४ सामने मधल्या फळीत खेळला आहे, तिथे तो काय बदलतो हे वाचायला नाशिकमध्ये मी एकटा नक्कीच नाही. प्रशिक्षक फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाले, त्यानंतर या क्लबला एकही लीग विजेतेपद नाही. कॅरिकच्या आधीचे प्रशिक्षक रुबेन अमोरिम यांना ५ जानेवारीला काढले, मध्ये दोन सामने डॅरेन फ्लेचरने सांभाळले, आता कॅरिक. एवढ्या वर्षांत सगळे करून पाहिले, फक्त ठरलेल्या तारखेपर्यंत थांबणे राहिले आहे.

शनिवारी संध्याकाळी सहाला मँचेस्टर सिटीशी सामना आहे. दोघे भाऊ माझ्याकडेच बघायला येणार आहेत. निकाल काहीही लागो, त्या रात्री ‘कायम’ हा शब्द कोणी काढायचा नाही, असे काल तिळगूळ हातावर ठेवताना दोघांकडून कबूल करून घेतले आहे. थोरला जरा कुरकुरला, पण तिळगूळ घेतला.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
इंदिरानगर, नाशिक
१५ जानेवारी २०२६